मॉरिशसला जाताय? मग डोंगर चढाच!

अहो, मॉरिशसला डोंगर आहेत हे आजवर कुणी सांगितलं कसं नाही! ज्याच्या त्याच्या अल्बममध्ये तोच निळा समुद्र, तीच पांढरी वाळू आणि नारळाखाली गॉगल लावून बसलेलं नवं जोडपं. प्रत्यक्षात विमानतळावरून बाहेर पडावं, तर उसाच्या मळ्यांमागे सुळके काय, कडे काय, लांबच लांब सोंडा काय! सह्याद्रीत भटकलेल्या माणसाचे पाय शिवशिवायला लागणारच.

श्रीगणेशा केला तो ल पूसपासून. उंची ८१२ मीटर, राजधानी पोर्ट लुईच्या पाठीशीच उभा. मोकाच्या बाजूची वाट आधी उसातून जाते, मग झाडीत शिरते आणि शेवटच्या टप्प्यात चक्क हात टेकून चढायला लावते. पण माथ्यावर पोहोचलात की बघतच राहाल! एकीकडे सगळं शहर, घोड्यांच्या शर्यतींचं शां द मार्स मैदान आणि बंदर. मागे वळावं तर पीटर बोथ, टोकावर भलामोठा गोल धोंडा तोलून उभा! तो धोंडा पडत कसा नाही, हे कोडं घेऊनच आपण खाली उतरतो. १८३६ च्या मे महिन्यात ‘बीगल’ जहाजावरून आलेला चार्ल्स डार्विनही ल पूसवर चढला होता म्हणे. म्हणजे आपली निवड काही वाईट नव्हती!

आणि ते खालचं बंदर नीट न्याहाळा. तिथेच आप्रवासी घाट आहे. १९व्या शतकात उसाच्या मळ्यांत राबायला आणलेले मजूर तिथे उतरले, आणि त्यांत आपल्या कोकणातलीही माणसं होती. त्यांची नातवंडं-पतवंडं आजही गणपतीत जाखडी नाचतात, आणि गणेश चतुर्थीला अख्ख्या देशाला सुट्टी असते!

पण नातं नुसतं माणसांचं नाही, दगडांचंही आहे. वाटेतला एखादा धोंडा उचलून पाहा. काळा, जड, बारीक बारीक छिद्रांचा. अहो, हा तर आपलाच बेसॉल्ट! सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हा ओतणारा जो उष्ण स्रोत पृथ्वीच्या पोटात होता, त्यानेच पुढे मॉरिशस घडवलं, असं भूशास्त्रज्ञ मानतात. हे बेट जेमतेम ८०-९० लाख वर्षांचं, म्हणजे सह्याद्रीचं शेंडेफळच! तो स्रोत आज शेजारच्या रेयुनियन बेटाखाली आहे आणि तिथला ज्वालामुखी अजून धगधगतोय.

चढायचा कंटाळा असेल, तर ब्लॅक रिव्हर गॉर्जेसच्या व्ह्यू पॉइंटला तरी जाच. गाडी लावायची, चार पावलं चालायचं, की समोर जंगलाने गच्च भरलेली दरी, पलीकडच्या कड्यावरून कोसळणारा धबधबा आणि खोल खाली तरंगणारे लांब शेपटीचे पांढरेशुभ्र पक्षी. खाऊ मात्र पिशवीतच ठेवा, माकडं टपलेलीच असतात! तिथून जवळच बेटाच्या सर्वोच्च, ८२८ मीटर उंचीच्या शिखराची वाट फुटते. बरीचशी रमतगमत, शेवटी मात्र दोराला धरून छाताडावरची चढण. मोसम असेल तर दुतर्फा बोराएवढे लालचुटूक पेरू लगडलेले. आंबटगोड, तोंडात टाकावेत आणि पुढे चालावं.

आणि ल मॉर्न! नैर्ऋत्य टोकावरचा ५५६ मीटरचा हा कातळ म्हणजे मळ्यांतून पळालेल्या गुलामांचा आसरा. त्यांच्या स्मृतीसाठीच २००८ मध्ये तो जागतिक वारसा ठरला. खालची वाट सोपी, वरची अगदी खडी. पाऊस झाला असेल तर हट्ट नको. पण वरच्या टोकाला असलेल्या क्रॉसपर्यंत पोहोचलात, की पायाखाली फिरोजी पाणी, त्यापलीकडे प्रवाळाच्या कडेवर फुटणारी पांढरी रेघ आणि तिच्यापुढे एकदम गडद निळा समुद्र. एका नजरेत मावत नाही हो!

मे ते ऑक्टोबर हवा गार असते, तेव्हाच जा. पकड असलेले बूट घाला, पाणी भरपूर घ्या, पहाटेच निघा. पॅकेजवाल्याने दोन बोटसफरी ठरवल्या असतील, तर एक बिनदिक्कत रद्द करा आणि त्या जागी डोंगर बसवा. समुद्र कुठे जात नाही. उलट वरून तो जास्तच दिसतो!