हुंगलेलं फूल

८ ऑक्टोबर
पाऊस गेला असं धरून छाटणी उरकली. पापा मेयाँ गुलाब गुडघ्याइतका खाली आणला. बाहेर तोंड केलेला डोळा शोधायचा, त्याच्या पाव इंच वर तिरका काप, कापावर बोर्डो पेस्ट. आई गच्चीच्या दारात. "अरे, मुंज लावलीस की काय त्याची?"

१० ऑक्टोबर
रात्री झोडपून गेला. पेस्ट वाहून गेली, पुन्हा लावली. पुण्याच्या पावसाला दसरा कळत नाही.

२ नोव्हेंबर
तांबूस फूट सगळीकडे. पण सगळ्यांत जोमदार फोक निघाला तो कलमाच्या गाठीखालून, म्हणजे खुंटाचा. लोक पानाच्या दळांची संख्या मोजतात, सात दिसली की रानटी ठरवून मोकळे. कलमालाही कधी सात येतात. गाठ बघावी. वरून छाटला तर दुप्पट फुटतो, म्हणून माती उकरून बुडातूनच ओढून काढला. हळहळ वाटली खरी.

१७ नोव्हेंबर
भुरी आलीच. कोवळी पानं वळलीत, कळ्यांच्या देठांवर पिठी सांडल्यासारखी. दिवसा ऊन, पहाटे गारठा, त्यात मी कुंड्या खेटून ठेवलेल्या. पाण्यात विरघळणारं गंधक, लिटरला दोन ग्रॅम, ऊन उतरल्यावर फवारलं.

नातवानं आजोबांचं नाव दिलेला हा १९६३ सालचा फ्रेंच गुलाब. भुरीला पहिल्यापासून हळवा. तरी ठेवतो, वासासाठी. २०१५ साली फ्रान्समधल्या संशोधकांनी याचीच तुलना त्याच घराण्यातल्या बिनवासाच्या रूज मेयाँशी केली. सुगंधी जेरॅनिऑल तयार व्हायला एक विकर लागतं. त्याचं जनुक पापामध्ये जोरात चालतं, रूजमध्ये जवळजवळ गप्प. बाजारातल्या लांब दांड्याच्या गुलाबाला नाक लावलं की मला ती गप्प बसलेली जनुकं आठवतात.

२९ नोव्हेंबर
५२ दिवसांनी पहिलं फूल. काळपट लाल, पाकळीच्या कडेला मखमलीची लव. सातला वास जेमतेम होता. आठला कोवळं ऊन पोचलं आणि अर्ध्या उमललेल्या फुलातून तो दाट, लिंबाची किंचित धार असलेला वास आला. दुपारच्या झळीत यातला निम्मा उरत नाही.

देठ धरून खाली गेलो. आई तबक घेऊन बसलेली. तिनं फुलाकडे नाही, माझ्या नाकाकडे पाहिलं. शेंड्यावर पिवळे परागकण होते.

"हुंगलंस ना? आता देवाला कसं वाहू?"

फूल स्वयंपाकघरात, स्टीलच्या पेल्यात. भाजी निवडताना तिनं दोनदा पेला जवळ ओढला.