बंद खोलीची किल्ली

सरकारी कागदपत्रांचे भाषांतर करता करता 'देखभाल व दुरुस्ती' हे शब्द माझ्या लेखणीखालून इतक्या वेळा गेले आहेत, की त्यांचा अर्थ आपल्याला पुरता उमगला आहे, असा माझा समज होता. तो किती उथळ होता, हे दिल्लीतील एका मुलींच्या शाळेत मला कळून आले.

आमच्या वसाहतीत दूरसंचार खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ आहेत. त्यांना आम्ही सारे काका म्हणतो. एका शनिवारी त्यांनी मला शाळेत चलण्याचा आग्रह केला. "काका, मला यंत्रातले काही कळत नाही हो," मी म्हणाले. "धूळ तर पुसता येते ना?" त्यांनी विचारले. त्यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते.

संगणक कक्षाला कुलूप होते. आत दहा संगणक कापडाखाली झाकलेले. मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, "चालत नाहीत, पण नोंदवहीत आहेत. काही कमीजास्त झाले तर जबाब मला द्यावा लागेल." त्यांची भीती अनाठायी नव्हती. शाळांना संगणक पुरविण्याची केंद्र सरकारची योजना डिसेंबर २००४ मध्ये सुरू झाली. अनेक राज्यांनी हे काम पाच वर्षांच्या कराराने कंपन्यांकडे सोपविले. करार संपला, की यंत्रे शाळेची होत. परंतु ती सांभाळणारा माणूस मात्र निघून जाई.

काकांनी पहिला संगणक उघडला, तेव्हा आत धुळीचा थर साचलेला होता. त्यांनी स्मृतिपट्टी काढून तिची सोनेरी टोके खोडरबराने घासली, आणि यंत्र जागे झाले! दुसरा संगणक तारीख चुकीची असल्याचे सांगून अडून बसला होता. त्याच्या घड्याळाला जागे ठेवणारा तीन व्होल्टचा, नाण्याएवढा सेल संपला होता, एवढेच. विंडोज ७ ला मिळणारे सुरक्षेचे आधार १४ जानेवारी २०२० रोजी बंद झाले होते. म्हणून जुन्या यंत्रांना पेलेल अशी लिनक्स प्रणाली घातली. तिला परवान्याचे मोल पडत नाही. सायंकाळपर्यंत सात संगणक चालू झाले. आम्ही मोठ्या समाधानाने घरी परतलो.

चार महिन्यांनी मी सहज चौकशीला गेले, तो खोलीला पुन्हा कुलूप! एक संगणक सुरू होईना, म्हणून शिक्षिकाबाई घाबरल्या आणि सारेच बंद ठेवले गेले. काकांनी वाकून पाहिले. केरसुणीच्या धक्क्याने मागची वायर सैल झाली होती. त्या क्षणी मला आमची चूक दिसली. आम्ही यंत्रे दुरुस्त केली होती. परंतु मुली व शिक्षिका बाजूला उभ्या राहून नुसत्या पाहत होत्या. भीती होती तेथेच राहिली होती.

केरळने हे फार पूर्वी ओळखले. तेथे २००१ मध्ये सुरू झालेल्या 'आयटी ॲट स्कूल' प्रकल्पाने शिक्षकांनाच तयार करण्यावर भर दिला, आणि २०१८ पासून माध्यमिक शाळांतून 'लिटल काइट्स' ही विद्यार्थ्यांची मंडळे काम करू लागली. हे उदाहरण काकांनी मुख्याध्यापिकाबाईंना सांगितले. त्या क्षणभर विचारात पडल्या, आणि मग त्यांनी आठवीच्या सहा मुलींना बोलावून घेतले.

यावेळी काकांनी हात पाठीमागे बांधले. वीज बंद करा, आधी पेटीच्या धातूला स्पर्श करा, मग झाकण उघडा, असे ते सांगत गेले, आणि मुली करीत गेल्या. एकीच्या हातून स्क्रू टेबलाखाली घरंगळला. तो शोधताना सगळ्याजणी जमिनीवर बसल्या आणि खोलीत प्रथमच हसू उमटले. मला काम मिळाले ते वही लिहिण्याचे. कोणता संगणक, कोणता दोष, काय केले, कोणी केले, अशी चार घरे मी हिंदीत आखून दिली. बंद पडलेल्या तीन यंत्रांच्या निर्लेखनाचा अर्जही मुख्याध्यापिकाबाईंनी त्याच आठवड्यात पाठविला.

परवा मी ती वही पाहिली. अखेरची नोंद एका मुलीच्या हातची होती: पडदा काळा, वायर घट्ट केली, चालू. खाली तिची सही. आम्हा कोणाला तिने बोलावले नव्हते.

आपल्या गावच्या शाळेतही अशी एखादी कुलूपबंद खोली असेल. वाचकहो, एखादा सुटीचा दिवस तिला अवश्य द्या. मात्र पेचकस मुलांच्या हाती राहू द्या.