मागच्याची वाट पाहणारे

पुण्यात बाईनं दुचाकी चालवण्याचं कुणाला नवल नाही. १९७२ मध्ये कायनेटिकची लूना आली आणि या शहरातल्या बायका घराबाहेर पडल्या त्या स्वतःच्या चाकांवर. माझी आई लूनावरून शाळेत शिकवायला जायची, मी कॉलेजपासून स्कूटर चालवत आले. पण चाळिशी ओलांडल्यावर गिअरची मोटरसायकल बघायला गेले, तेव्हा शोरूममधल्या मुलानं विचारलं, "मॅडम, मुलासाठी बघताय का?" त्याचं म्हणणं मला लागलं नाही. माझ्या ओळखीत तरी या वयात मोटरसायकल शिकलेली दुसरी बाई नव्हती, म्हणजे विचारायचं कुणाला हाच मोठा प्रश्न होता.

गाडी मी १५० सीसीची घेतली, दोन्ही पाय जमिनीवर पूर्ण टेकतील अशी. १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना २०१९ पासून एबीएस सक्तीचं झालं आहे, त्यामुळे ब्रेक जोरात लागला तरी चाक जाम होऊन घसरण्याची भीती पुष्कळ कमी होते. माझ्याकडे बिनगिअरच्या गाडीचं लायसन्स होतं, ते इथं चालत नाही. म्हणून पुन्हा लर्निंग काढलं, तीस दिवस थांबले आणि आरटीओच्या मैदानावर आठचा आकडा काढून दाखवला. कायद्यानं मी मोकळी झाले. घाटात उतरताना गिअर कुठला ठेवायचा, मागून ट्रक अंगावर आला तर काय करायचं, वळणावर खडी दिसली तर हात कुठं आणि नजर कुठं, यातलं काहीच त्या आठच्या आकड्यात नव्हतं.

मग सोबत शोधणं आलं. ओळखीच्या ओळखीतून एका मोठ्या ग्रुपची रविवारची ताम्हिणीची राईड ठरत असल्याचं कळलं. पहाटे चांदणी चौकाजवळ जमायचं, पौडमार्गे मुळशी, पुढे घाट उतरून कोकणात निजामपूरच्या बाजूला नाश्ता. तीसेक गाड्या असतील. निघण्याआधी सूचना एकच झाली: कुणी मागे राहायचं नाही. पुढे कोण असेल, शेवटी कोण, नवे किती आहेत, हे कुणी विचारलं नाही.

मुळशीचा जलाशय उजव्या हाताला लागला, रस्ता वळायला लागला आणि ग्रुप दिसेनासा झाला. मी माझ्या वेगानं चालले होते. माझ्या पुढे एक मुलगा होता, माझ्यासारखाच नवा, पण त्याला पुढच्यांना गाठायचं होतं. एका डाव्या वळणावर खडी पसरलेली होती. तो आत शिरला तोच जास्त वेगानं, खडी दिसताच पुढचा ब्रेक दाबला आणि गाडी खालून निघून गेली. खांद्याचं हाड मोडलं. हेल्मेट डोक्यावर होतं आणि त्याचा पट्टा लावलेला होता, म्हणून डोकं वाचलं. मी १०८ ला फोन केला, गावातल्या दोघांनी येणाऱ्या गाड्या थांबवल्या, आम्ही त्याला सावलीत बसवलं आणि हेल्मेट घाईनं ओढून काढलं नाही. पुढच्या लोकांना हे कळलं ते त्यांचं खाणं उरकल्यावर. मला एक जण फोनवर म्हणाला, "मॅडम, घाटात थोडं ताणावं लागतं, नाहीतर अवघड होतं."

त्या वाक्याचा मला आजही राग आहे. २०२२ मध्ये भारतात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली आणि त्यात सुमारे ४४ टक्के दुचाकीवरची होती. हा आकडा सरकारनंच छापलेला आहे. असं असताना नव्या माणसाला 'ताण' म्हणणं हा सल्लाच नव्हे. नवा चालक ग्रुपमध्ये रस्ता बघत नाही, पुढच्याचा लाल दिवा बघतो. तो दिवा जिथं वळला तिथं हा वळतो, जितक्या वेगानं वळला तितक्याच वेगानं. वेग दुसऱ्याचा आणि हात आपले, अशी ती अवस्था असते. त्या मुलाचा दोष शोधायला पुढे बरेच जण आले. मला दोष दिसला तो तीस जणांमधून शेवटी थांबणारा एकही माणूस न नेमण्यात.

खरी सोबत मला गॅरेजमध्ये भेटली. चेन साफ करून घ्यायला गेले होते. बाजूला जुन्या स्प्लेंडरजवळ हात पुसत एक निवृत्त गृहस्थ उभे होते. एसटीत चालक होते, नोकरीतली बरीच वर्षं घाटांच्या मार्गांवर गेलेली. माझ्या गाडीच्या नव्या नंबर प्लेटकडे बघून त्यांनी विचारलं, "ताई, थांबायला येतं का?"

मी म्हटलं, "काका, चालवायला येतं बऱ्यापैकी."

"चालवायला सगळ्यांना येतं. थांबायचं बोला."

पुढच्या रविवारी त्यांनी मला वारजेच्या बाजूला एका मोकळ्या मैदानावर बोलावलं. तिथं आणखी दोघं होती: भौतिकशास्त्राचे एक प्राध्यापक आणि एक तरुण मुलगी, जिची हिमालयन मोटरसायकल तिच्या उंचीच्या मानानं बरीच थोराड होती. सकाळभर आम्ही दुसऱ्या गिअरच्या वर गेलोच नाही. चुन्यानं एक रेघ मारायची, ताशी तीसनं येऊन रेघेपाशी ब्रेक लावायचा आणि गाडी कुठं थांबली ते बघायचं. पुढचा ब्रेक झटक्यानं नाही दाबायचा, आधी हलका, गाडीचं वजन पुढच्या चाकावर आलं की मग घट्ट, आणि मागचा सोबतीला. स्कूटरवर पुढचा ब्रेक टाळण्याची सवय आपल्याकडे घराघरात लावलेली असते. थांबवण्याची मोठी ताकद खरं तर त्याच ब्रेकमध्ये असते. प्राध्यापकांनी हिशेब सांगितला: वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यापासून थांबेपर्यंतचं अंतर चौपट होतं. रेघेपाशी हे प्रत्यक्ष दिसलं तेव्हा मी मनातल्या मनात शहरातला माझा वेग उतरवला.

स्लो रेस हा काकांचा आवडता प्रकार. सगळ्यांनी एका रेषेत निघायचं, जो सर्वांत शेवटी पोहोचेल तो जिंकला, पाय टेकला की बाद. हाफ क्लच, किंचित रेस आणि मागच्या ब्रेकवर पायाचा हलका दाब, या तिन्हींचा मेळ बसल्याशिवाय ते जमत नाही. गर्दीत, चढावर, चिखलात जी माणसं पडतात ती बहुतेक याच वेगाला पडतात, असं काकांचं मत आहे आणि मला ते पटतं. यू टर्न घेताना मान वळवून जिथं जायचं तिथं बघायचं, पुढच्या चाकाकडे नाही. "खड्ड्याकडे बघाल तर खड्ड्यात जाल," असं ते म्हणायचे. खडी दिसल्यावर त्या मुलाची नजर कुठं अडकली असेल ते मला तिथं समजलं.

वेगात वळण कसं घेतलं जातं हे प्राध्यापकांनी समजावलं. डावीकडे जायचं तर डावी मूठ हलकेच पुढे ढकलायची, गाडी आपोआप डावीकडे कलते. ऐकताना उलटं वाटतं, करून बघितल्यावर हात स्वतःच शिकतो. आणि वळणात शिरण्याआधीच वेग उतरवायचा, आत ब्रेक नाही.

मग रस्त्यावर निघालो. आधी पानशेतचा रस्ता, मग दिवेघाट, नंतर भोरवरून मांढरदेवीचा घाट. आमच्यात सर्वांत नवा माणूस पुढून दुसरा असतो, म्हणजे पुढच्याला तो आरशात सतत दिसतो आणि वेग त्याच्या मानानं ठरतो. सगळ्यात अनुभवी माणूस शेवटी. काका कायम शेवटी. नवा मागे पडला तर त्याच्यामागे काका असतात, हे माहीत असल्यानं कुणालाच कुणाला गाठायची घाई होत नाही. फाटा आला की मागचा दिसेपर्यंत पुढच्यानं तिथंच उभं राहायचं. ग्रुपमध्ये आपसात ओव्हरटेक नाही. मोकळ्या रस्त्यावर समोरच्या गाडीनं एखादं झाड ओलांडलं की दोन सेकंद मोजायची, त्याआधी आपण झाडापाशी पोहोचलो तर अंतर कमी आहे. ताशी साठला एका सेकंदात गाडी जवळजवळ १७ मीटर जाते, डोळ्यांनी पाहून हात ब्रेककडे जाईपर्यंत तेवढा रस्ता संपलेला असतो. घाटात एकामागे एक, आणि अरुंद चढावर वर येणाऱ्या गाडीला आधी वाट. ज्या गिअरमध्ये घाट चढला असता त्याच गिअरमध्ये उतरायचं, हा एसटीतला जुना पाठ काकांनी आम्हाला मोटरसायकलवर दिला. ब्रेक तापत नाहीत आणि गाडी इंजिनानं धरलेली राहते.

हेल्मेटबद्दल पुण्यात बोलायचं म्हणजे वाद आलाच, कारण हेल्मेटसक्तीला विरोध करणारं शहर अशीच आपली ओळख झाली आहे. काकांकडे वाद नाही. आयएसआय मार्क नसलेलं हेल्मेट घालून आलेल्याला ते परत पाठवतात. २०२१ च्या जूनपासून तसं हेल्मेट विकायलाही बंदी आहे, तरी रस्त्याकडेला ते मिळतंच. घोट्याच्या वर येणारे बूट आणि हातमोजे यांवरही ते अडून बसतात, कारण पडताना माणूस आधी हात पुढे करतो.

पुढे पावसाळ्यात ताम्हिणीला गेलो. मी पुढून दुसरी, काका शेवटी. ओल्या रस्त्यावर पांढऱ्या पट्ट्या आणि झाडांखालचा पाला निसरडा असतो, तिथं गाडी सरळ ठेवून ब्रेक न लावता पार व्हायचं. तो मुलगा पडला होता त्या डाव्या वळणावर डोंगराची माती वाहून आली होती. पुढच्या मुलीनं हात खाली करून इशारा दिला, मी वेग आधीच उतरवला, नजर वळणाच्या टोकावर ठेवली आणि निघून गेले. धबधब्यांवरची गर्दी वाढायच्या आत आम्ही परतीला लागलो होतो. दारू पिऊन रस्त्यात नाचणाऱ्यांमधून गाडी काढणं हे कौशल्याचं काम नाही, तिथं नसणं हेच शहाणपण.

बाईला सोबत पारखताना आणखी एक गोष्ट बघावी लागते. मी अनोळखी ग्रुपमधल्या लोकांना आधी चहाला, चार माणसांत भेटते. पहिली राईड दुपारपर्यंत परतण्याची ठरवते, रस्ता आणि बरोबरच्यांची नावं घरी देते. मी नाही म्हटल्यावर ज्याचा चेहरा बदलतो त्याच्याबरोबर पुन्हा जात नाही. बायकांनी बायकांसाठी उभे केलेले गटही आहेत. 'बायकर्णी' हा तसा गट २०११ मध्ये पुण्यातच सुरू झाला. नव्या मुलींनी अशा ठिकाणी आधी विचारावं असं मला मनापासून वाटतं, कारण तिथं 'तुला जमेल का' हा प्रश्न कुणी विचारत नाही.

नव्यानं मोटरसायकल घेतलेल्या कुणीही कुठल्याही ग्रुपला एकच विचारावं: मागे राहणाऱ्याचं तुम्ही काय करता? उत्तर लगेच मिळालं नाही तर त्या रविवारी मोकळं मैदान गाठावं आणि थांबायची तालीम करावी. ज्यांना वर्षानुवर्षांचा सराव आहे त्यांना माझी विनंती आहे. तुमच्या गल्लीत, ऑफिसात एखादा तरी नवा चालक असेल. त्याला हाक मारा, पहिले काही रविवार तुमच्या वेगाचा हट्ट सोडा आणि शेवटची जागा तुम्ही घ्या.