आधी नोंद, मग प्रवेश

खोडदची जीएमआरटी दुर्बीण म्हणजे आमच्या जुन्नर तालुक्याची शान. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या! त्यांचे संकेत जुळवणारे संगणक लिनक्सवर चालतात, हे भाच्याकडून कळलं आणि माझी प्रश्नावली सुरू झाली.

लिनक्सचा गाभा म्हणजे कर्नल. त्याला मॉड्यूल नावाचे तुकडे संगणक चालू असतानाच जोडता येतात, काढताही येतात. जोडणं सोपं, काढणं अवघड. कारण त्या क्षणी आत कुणी काम करत असलं तर?

२.४ आवृत्तीपर्यंत 'आत कुणी आहे' ही नोंद बरेचदा मॉड्यूल स्वतःच करी. म्हणजे हजेरीपट वर्गाच्या आत! मूल उंबरा ओलांडतंय, नाव अजून लिहायचंय. तेवढ्यात शिपाई पटावर शून्य बघून कुलूप लावतो. इथे तर खोलीच पाडतात, आणि अख्खा संगणक कोलमडू शकतो. याला म्हणतात 'रेस कंडिशन', आधी कोण पोचतो याची शर्यत. अशी चूक रोज घडत नाही, म्हणूनच सापडत नाही.

२००३ च्या डिसेंबरात आलेल्या २.६ मध्ये पट दाराबाहेर आला. आधी नोंद, मग प्रवेश. आणि मॉड्यूल काढायचं ठरलं की नवी नोंद बंद.

मला हे लगेच पटलं. शिवनेरीच्या सहलीत मुलं मोजून होताच बसचं दार मी स्वतः लावत असे. मोजणी आणि दार यांच्या मध्ये कुणी उतरलं, तर आकडा बरोबर आणि मूल गडावर!