इन्सुलीतलं माजघर आणि सहा क्लिक

गोव्याला गाडीने गेलाय ना कधी? मग इन्सुली तुम्ही नक्की पाहिलंय. सावंतवाडी मागे टाकायची, घाट उतरायचा आणि बांद्याच्या अलीकडे जे गाव लागतं ते. पण आपल्यापैकी बहुतेकांसाठी इन्सुली म्हणजे गाड्या तपासणारा नाका! काच खाली घ्या, डिकी उघडा, डिकी बंद करा, चला पुढे. हायवे सोडून जरा आत वळलात की मात्र सीनच बदलतो. माड-पोफळी, चिऱ्याचे गडगे, लाल मातीची पायवाट आणि त्या पायवाटेच्या टोकाला एखादं कौलारू घर.

अशाच एका घरात डिसेंबरातला वीकेण्ड काढला. ऑफिसमधल्या मित्राचं वडिलोपार्जित घर. शिमगा झाला की ते पाडायचं आणि पावसाच्या आत स्लॅबचं नवं घर उभं करायचं, असं सगळ्या हिस्सेदारांचं ठरलेलं. मित्राचं म्हणणं एवढंच होतं, की पाडण्याआधी माजघराचे नीट फोटो हवेत. घरात चतुर्थीच्या फोटोंचे अल्बम ढिगाने आहेत. पण प्रत्येक फोटोत फ्लॅशने उजळलेला गणपती, त्याच्याभोवती पांढरेफटक चेहरे आणि मागचं घर काळंकुट्ट. म्हणजे तीन पिढ्या जिथे वाढल्या, ते माजघर एकाही फोटोत नाही!

आता यात कठीण काय, असं वाटेल. एकदा त्या माजघरात उभे राहा, मग कळेल. मातीच्या जाड भिंती, शेणाने सारवलेली जमीन, वर चतुर्थीला फळं-पानं बांधायची लाकडी माटवी. खिडकी वीतभर. छपरात एकच काचेचं कौल आणि त्यातून जमिनीवर पडलेला उन्हाचा कवडसा. समोर दार सताड उघडं आणि दारातून दिसणारं खळं, तुळस, माडाच्या झावळ्या, सगळं कोकणातल्या दुपारच्या उन्हात तळपणारं. आपल्या डोळ्यांना दोन्ही दिसतं, कारण नजर फिरेल तसे डोळे आणि मेंदू स्वतःला अॅडजस्ट करत राहतात. कॅमेऱ्याला एका क्लिकमध्ये एकच निर्णय घ्यावा लागतो. तुळस नीट आली की माजघर गायब. माजघर आलं की दार म्हणजे नुसता पांढरा चौकोन.

यावरचा फंडा म्हणजे एक्स्पोजर ब्रॅकेटिंग. एकच फ्रेम, पण वेगवेगळ्या उजेडात अनेकदा टिपायची. एखादी खळ्यासाठी, एखादी माजघरासाठी, बाकीच्या मधल्या. नंतर कॉम्प्युटरवर प्रत्येकीतला चांगला भाग एकत्र आणायचा. यालाच म्हणतात हाय डायनॅमिक रेंज, अर्थात एचडीआर.

आमचा हिशोब असा होता. आयएसओ १००, अॅपर्चर एफ/८. खळ्यातल्या उन्हाला शटर १/५०० सेकंद पुरत होतं. माजघराचा कोपरा दिसायला लागत होते तब्बल २ सेकंद. फोटोग्राफीत उजेड दुप्पट झाला की एक ‘स्टॉप’. या दोन टोकांत दहा स्टॉपचं अंतर, म्हणजे सुमारे हजारपट उजेड! दर वेळी दोन स्टॉप वाढवत गेलो : १/५००, १/१२५, १/३०, १/८, १/२ आणि २ सेकंद. सहा क्लिकमध्ये काम फत्ते.

यात चार गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. एक, ट्रायपॉड मस्ट. दोन, फक्त शटर स्पीड बदला, अॅपर्चरला हात लावू नका. नाहीतर प्रत्येक फ्रेममध्ये काय शार्प आणि काय धूसर हे बदलेल आणि जोडताना बोंब होईल. तीन, फोकस आणि व्हाइट बॅलन्स लॉक करा आणि फाइल रॉ ठेवा. चार, बटण बोटाने दाबू नका, टायमर लावा. बऱ्याच कॅमेऱ्यांत ऑटो ब्रॅकेटिंग असतं, पण काहींत ते तीनच फ्रेम्सचं असतं. अशा वेळी सरळ मॅन्युअल मोड.

आणि हो, भुतं! कोकणात त्यांना तोटा नाहीच, पण एचडीआरमध्ये ती दिवसाढवळ्या येतात. सहा फ्रेम्स होईपर्यंत झावळी हलते, कोंबडी दारातून आत डोकावून जाते आणि जोडलेल्या फोटोत तिची अर्धवट सावली उरते. यालाच ‘घोस्टिंग’ म्हणतात. उपाय सोपा. जे हलतंय ते एकाच फ्रेममधून घ्यायचं. उंबऱ्याशी बसलेली मित्राची आजी आम्ही १/३० च्या फ्रेममधून घेतली. दोन सेकंद न हलता बसायला आजी काय पुतळा आहे?

ही आयडिया आजची नाही बरं का. फ्रान्सच्या ग्युस्ताव्ह ल ग्रे याने १८५० च्या दशकात समुद्र आणि आकाश वेगवेगळ्या निगेटिव्हवर टिपून एका प्रिंटवर आणले होते. १९९७ मध्ये पॉल डेबेवेक आणि आपल्या मथुरेत जन्मलेले, आयआयटी कानपूरमध्ये शिकलेले जितेंद्र मलिक यांनी साध्या फोटोंच्या संचातून दृश्यातल्या उजेडाचं खरं गणित काढण्याची पद्धत मांडली. २००५ मध्ये फोटोशॉपमध्ये ती सोय आली, २०१० मध्ये आयफोनमध्ये. आज खिशातला फोन हे काम न विचारता करून टाकतो.

मग एवढा खटाटोप कशाला? तर उजेड किती वाढवायचा हे फोन ठरवतो, तुम्ही नाही. आमची खरी गंमत इथेच झाली. संध्याकाळी पडवीत लॅपटॉपवर फोटो जोडला, मित्राने सगळे स्लायडर ताणले. माटवीचा दांडा न् दांडा दिसायला लागला, भिंती दुकानासारख्या उजळल्या. आजीने चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाली, “झिला, ह्या खयचा घर? काळोख असा थय काळोखच दिसाक होयो.”

एका वाक्यात टोन मॅपिंगचा अख्खा धडा! सहा फ्रेम्समधून सगळं दिसू शकतं, पण सगळं सारखं दिसलं की ते घर राहत नाही, कॅटलॉग होतो. मग मित्राने उजेड पायरी पायरीने खाली आणला. कोपऱ्यातला काळोख परत आला, कवडसा उठून दिसायला लागला आणि दारातली तुळस जागेवर राहिली. “आता कसा,” आजी म्हणाली. त्या फोटोच्या प्रिंट्स आता प्रत्येक हिस्सेदाराच्या घरी जाणार आहेत, मुंबईतल्यासुद्धा.

तुमच्याही गावी असं एखादं माजघर असेल, तर पुढच्या सुट्टीत ट्रायपॉड बॅगेत टाका. पाडायची तारीख ठरायची वाट बघू नका.

कसं जाल? : कोकण रेल्वेने सावंतवाडी रोड स्टेशन. दादरहून तुतारी एक्स्प्रेस थेट तिथवर जाते. पुढे रिक्षा किंवा बांद्याकडे जाणारी एसटी. विमानाने यायचं तर २०२३ पासून सुरू असलेलं गोव्यातलं मोपा विमानतळ सोयीचं.

कधी जाल? : नोव्हेंबर ते फेब्रुवारी. स्वच्छ ऊन आणि बेताचा उकाडा.

आणखी काय? : सावंतवाडीत मोती तलाव, राजवाडा आणि चितारआळीतली लाकडी खेळणी. मोती तलावावर सूर्यास्ताला तीन फ्रेम्स पुरतात!