रबाळ्याजवळचा बिनवाळूचा किनारा

रबाळे खाडीच्या बाजूला आहे, हे इथे राहूनही सहज कळत नाही. पूर्वेला ठाणे-बेलापूर रस्ता, त्यापलीकडे एमआयडीसीचे कारखाने आणि पारसिकचा डोंगर. पश्चिमेला रेल्वे, जुनं गाव, इमारती, मग कांदळवन, चिखल आणि त्यानंतर कुठे ठाण्याची खाडी. नोव्हेंबरपासून मेपर्यंत तिथे फ्लेमिंगो येतात, ते ऐरोलीहून बोटीने जाऊन पाहता येतात. पण लेकरांना पाण्याजवळ घेऊन बसावं, अशी जागा आमच्या दाराशी नाही.

मे महिन्यात हे जास्त जाणवतं. ज्यांना गावी जाता येतं ते जातात. पण घरातल्या कर्त्याला कारखान्यातून रजा नाही आणि जूनमध्ये शाळेची फी, वह्या-पुस्तकं डोळ्यांसमोर, अशी कुटुंबं आमच्या आसपास कितीतरी आहेत. आमचंही त्यातलंच एक. वॉटरपार्कला सहा माणसं न्यायची तर महिन्याचं वाणसामान त्यातच जातं. म्हणून असरची नमाज पढून आम्ही ट्रान्स-हार्बरची लोकल पकडली. घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे, सानपाडा, वाशी. पुढे रिक्षा आणि मग सेक्टर १०-ए मधला ‘मिनी सीशोर’.

नाव इंग्रजी, थाटाचं. मुलांनी उतरताच विचारलं, “वाळू कुठाय?” वाळू नाहीच. पाण्याच्या कडेने फिरायची वाट, बसायला जागा, भेळ, मक्याची कणसं आणि समोर मोठं पसरलेलं पाणी. हे पाणी समुद्राचं दिसतं, पण ती जागा माणसाने राखलेली आहे. सिडकोने १९७० नंतर हे शहर वसवलं तेव्हा बरीचशी जमीन खाडीला लागून, सखल होती. ऐन पावसात मोठी भरती आली की शहराचं पाणी खाडीत जायला वाट नाही. उलट खाडीच आत शिरायची. त्यावर हॉलंडच्या धर्तीवर धारण तलाव केले. भरतीला दारं बंद, पावसाचं पाणी तलावात थांबणार. ओहोटी लागली की दारं उघडून ते खाडीत जाणार. मिनी सीशोरचं पाणी म्हणजे असाच एक तलाव.

आम्ही हे मुलांना समजावत होतो, तेवढ्यात दादी म्हणाल्या, “अगो, ही तर आमच्या खारातली उघाडी!” त्यांचं माहेर रायगडातलं, खाडीकाठचं. खारी जमिनीला बांध घालायचा, बांधाला उघाडी ठेवायची, भरतीचं खारं पाणी भाताच्या शेतात येऊ द्यायचं नाही, हे त्यांनी लहानपणापासून पाहिलेलं. हॉलंडचं नाव घेऊन आम्ही जे मोठ्या कौतुकाने सांगत होतो, ते दादींच्या वडिलांच्या शेतात होतंच.

उन्हाळ्यापुरता किनारा करायची कल्पना पॅरिस शहराने २००२ पासून गाजवली. महापौर बर्ट्रांड डेलानोए यांच्या काळात सेन नदीकाठचा मोटारींचा रस्ता उन्हाळ्यात बंद करून तिथे वाळू पसरली, ताडामाडाची झाडं नि आरामखुर्च्या मांडल्या. ज्यांना सुट्टीत समुद्रावर जाणं परवडत नाही, त्यांच्यासाठी शहरातच किनारा. गंमत म्हणजे त्या नदीत पोहायला १९२३ पासून मनाई होती. ठरावीक जागी लोकांना उतरू दिलं ते थेट २०२५ मध्ये. म्हणजे इतकी वर्षं तिथले लोकही पाण्याकडे बघतच बसले होते!

आपल्याकडे ट्रकने वाळू आणून ओतावी असं आम्हाला वाटत नाही. आधीच रेतीपायी कोकणच्या खाड्या उपसल्या जात आहेत. मात्र त्यातली एक गोष्ट घेण्यासारखी आहे : तिकीट नाही. मिनी सीशोरलाही आम्हाला बसायचे पैसे पडले नाहीत. बुरखा घातलेल्या बायका, नऊवारीतल्या आजी, कंपनीच्या गणवेशातली पोरं, सगळे एकाच कट्ट्यावर. कोणी कोणाकडे वळून पाहत नव्हतं. घरातल्या बायकांना असं निवांत बसायला किती जागा उरल्या आहेत?

काळजीची बाब वेगळीच आहे. धारण तलावांत वर्षानुवर्षं गाळ साचला आणि गाळात कांदळवन उगवलं. उच्च न्यायालयाच्या २००५ च्या आदेशापासून कांदळवन तोडायला बंदी, त्यामुळे गाळ काढायचं कामही अडतं. कांदळवन हवंच, तेच लाटा अडवतं, त्यातच मासळी वाढते. पण तलाव उथळ झाला तर पावसाळ्यात पाणी लोकांच्या घरात येणार. दोन्हींचा मेळ घालायला जाणती माणसं लागतील, आणि आम्हाला विचाराल तर त्यांत खारेपाटातली जुनी माणसंही असावीत.

जायचं असेल तर ऊन उतरल्यावर जा, पिण्याचं पाणी घरून घ्या. तलाव पाहून झाल्यावर जवळच्या सागर विहारला जाऊन खरी खाडी पाहायची असेल, तर चांद्र महिन्याची ६-७ किंवा २१-२२ तारीख धरा. तेव्हा भरती साधारण संध्याकाळी असते. इतर दिवशी चिखल आणि खेकडे दिसतील. आमच्या धाकट्याला मात्र खेकडेच जास्त आवडले.