‘दऱ्या’ शोधताना

सातपुड्याच्या पायथ्याशी, तळोद्यात मराठी शिकवताना विद्यार्थ्यांनी टिपून आणलेल्या लोककथा मी साध्या मजकुराच्या फायलींत ठेवतो. जुन्या संगणकावर लिनक्सच्या टर्मिनलमधील हलकी, मुक्तस्रोत साधने त्यासाठी पुरतात. त्यांची तुलना सहसा वेगावरून होते; भाषेच्या अभ्यासकाने ती अक्षरांच्या समजेवरून करावी.

‘नॅनो’ नवख्याला सोपा. आज्ञा पडद्याच्या तळाशी लिहिलेल्याच असतात. ब्राम मूलेनार यांचा ‘व्हिम’ (१९९१) आज्ञा पाठ करायला लावतो, पण त्यांत एक व्याकरण आहे: क्रियापदाला कर्म जोडले की कृती घडते. मात्र टर्मिनल समान रुंदीच्या चौकटींत अक्षरे बसवते, त्यामुळे आपली जोडाक्षरे दोन्हींत विस्कटू शकतात.

‘डब्ल्यूसी’ हे मोजणीचे साधन. ‘मराठी’ या शब्दात ते १५ बाइट आणि ५ वर्णचिन्हे मोजते. वाचक ३ अक्षरे मोजतो. केन थॉम्प्सन यांचे ‘ग्रेप’ (१९७३) शोध घेते, आणि खरी अडचण तेथे येते. ‘दऱ्या’ हा शब्द युनिकोडमध्ये ‘ऱ’ या स्वतंत्र चिन्हाने लिहिता येतो, तसाच साधा ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह वापरूनही. डोळ्यांना रूप एकच. ग्रेपला शब्द दोन. एक शोधला तर दुसरा सापडत नाही.

उद्या कुणी संशोधक या कथांतील दऱ्या शोधील आणि अपुऱ्या नोंदींवर निष्कर्ष काढील. म्हणूनच पाठभेदांबरोबर टंकभेद तपासून एकच रूप ठरवणे, हेही आता संपादनाचेच काम आहे.